दोन वादळं आणि एक खांदा

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीची टेकडी आहे. गेल्या शतकाच्या चाळीशीत तिथं उत्खनन झालं आणि मातीतून रोमन जगातल्या ब्राँझच्या वस्तू निघाल्या. त्यांत समुद्रदेवाची एक छोटी, दाढीवाली मूर्ती होती. सातवाहनांच्या काळात व्यापाराच्या वाटेनं ती भूमध्य समुद्राकडून इथवर आलेली. आज ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे आणि पुस्तकांतून तिची ओळख पोसायडन अशी दिलेली असते. रोममधल्या माणसानं मात्र तिला नेपच्यून म्हटलं असतं.

मग हा देव ग्रीकांचा की रोमनांचा? घाईचं उत्तर सोपं आहे: देव एकच, नावं दोन. झ्यूस म्हणजे ज्युपिटर, हेरा म्हणजे जूनो, एरीस म्हणजे मार्स. ‘जोड्या लावा’मध्ये पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि विषय संपतो. आज तो इतक्या लवकर संपवायचा नाही. चार-दोन प्रसंगांपाशी बसायचं, प्रत्येक प्रसंग डोळ्यांपुढं नीट उभा राहू द्यायचा आणि मगच पुढं सरकायचं. मध्येच वाचणं थांबवून नुसतं बसावंसं वाटलं, तर खुशाल बसा.

पहिलं वादळ आधी पाहू. ते होमरच्या ‘ओडिसी’तलं आहे.

समुद्रावर एक तराफा आहे आणि त्यावर एकच माणूस. बारा गलबतं घेऊन ट्रॉयहून निघाला होता. गलबतं गेली, सोबती गेले. सात वर्षं कॅलिप्सोच्या बेटावर अडकून पडला होता. आता स्वतःच्या हातानं बांधलेल्या तराफ्यावर सुकाणू धरून, रात्री ताऱ्यांवर नजर ठेवून, सतरा दिवस चालला आहे. अठराव्या दिवशी लांबवर जमीन दिसते. नेमका तेव्हाच इथिओपियन लोकांचा पाहुणचार घेऊन परतणाऱ्या पोसायडनला तो दिसतो. देव मान हलवतो, ढग गोळा करतो, त्रिशूळ घेऊन पाणी ढवळतो, चारी दिशांचे वारे मोकळे सोडतो.

एवढं कशासाठी? या माणसानं पोसायडनच्या मुलाचा, एकाक्ष पॉलिफीमसचा, डोळा फोडला होता म्हणून. राग अगदी घरगुती आहे. जगाच्या व्यवस्थेशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आता थोडं मागं जाऊ. पॉलिफीमसच्या गुहेत ओडिसियसनं आपलं नाव ‘कोणीच नाही’ असं सांगितलं होतं, आणि त्या युक्तीनंच तो सुटला. गलबत किनाऱ्यापासून दूर गेलं होतं. गप्प राहिला असता तर शाप द्यायला राक्षसाजवळ नावच नव्हतं. सोबती हातापाया पडून त्याला आवरत होते. तरी हा ओरडून सांगतो: मी ओडिसियस, लाएर्टीसचा मुलगा, इथाकाचा राहणारा. राक्षस ते नाव घेऊन बापाची करुणा भाकतो आणि पुढचं सगळं रामायण घडतं.

इथं जरा थांबा. त्या गलबतावर आपण असतो तर ओडिसियसचं तोंड दाबून धरलं असतं. तरीही त्या आरोळीत काहीतरी आहे, जे आपल्याला आवडतं. ‘कोणीच नाही’ म्हणून जगणं त्याला सोसत नाही. ग्रीक कथा माणसाला याच ठिकाणी गाठते: तू कोण, तुझी धाव कुठवर, आणि ती ओलांडलीस तर काय होईल? देवही त्याच मातीचे आहेत, नुसते बलवान आणि न मरणारे. रुसतात, जळतात, डूख धरतात.

आता दुसरं वादळ. हे सुमारे सातशे वर्षांनी व्हर्जिल या रोमन कवीनं ‘इनिड’ या महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात लिहिलं. होमर समोर ठेवूनच लिहिलं आणि ते लपवलंही नाही.

ट्रॉय जळून गेलं आहे. उरलेल्या माणसांना घेऊन इनियस इटलीकडं निघाला आहे. वादळ जूनोनं घडवून आणलंय, तेही वाऱ्यांवर नेमलेल्या इओलसला एका देखण्या अप्सरेचं आमिष दाखवून. सरळ लाच देऊन, म्हणा ना. वर कसला गोंधळ चालला आहे म्हणून नेपच्यून पाण्याबाहेर डोकं काढतो. व्हर्जिल सांगतो, तो चेहरा शांत होता. फुटलेली गलबतं त्याला दिसतात. पण तो वाऱ्यांना बोलावून विचारतो ते असं: माझ्या हुकमावाचून तुम्ही इथं धुमाकूळ घालायला धजलात कसे? समुद्र कुणाच्या वाट्याला आला आहे, ते जाऊन आपल्या राजाला सांगा. मग तो धमकी द्यायला तोंड उघडतो आणि वाक्य अर्ध्यावर टाकतो, कारण आधी लाटा शमवायला हव्यात. शिक्षेचं नंतर पाहू.

पोसायडनला मुलाचा डोळा आठवतो, नेपच्यूनला आपली हद्द. हे मला पहिल्यांदा जाणवलं तेव्हा हसू आलं होतं; देव आहे की बंदरावरचा अधिकारी? पण त्यापुढच्या ओळी वाचल्या की हसू मावळतं. समुद्र कसा शांत झाला, हे सांगायला व्हर्जिल एक मोठी उपमा देतो, काव्यातली पहिलीच. शहरात दंगल उसळली आहे, दगड आणि पेटते पलिते उडताहेत, आणि तेवढ्यात लोकांना एक माणूस दिसतो, कर्तव्याला जागलेला, ज्याच्या शब्दाला वजन आहे असा. लोक गप्प होतात, कान देऊन उभे राहतात. समुद्र तसा निवला.

‘इलियड’मध्ये जमाव खवळतो तेव्हा होमर त्याला समुद्राच्या लाटांची उपमा देतो. व्हर्जिल समुद्राला जमावाची देतो. या उलटापालटीपाशी जितकं बसाल तितकं थोडं. व्हर्जिल इ.स.पू. 70 मध्ये जन्मला. सीझरचा खून, त्यानंतरची यादवी, जमिनींची जप्ती, अ‍ॅक्टियमची लढाई, हे सगळं त्याच्या हयातीत घडलं. दगड आणि पलिते त्याच्या वाचकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ग्रीक श्रोत्याला समुद्राची धास्ती होती. या वाचकाला धास्ती होती ती चौकातल्या गर्दीची. त्याच्या देवानं सगळ्यात आधी शांतता राखायला हवी होती.

दोन्ही वादळांत अडकलेला नायक घाबरून जे बोलतो, ते आता शेजारी ठेवून ऐका. दोघांचीही सुरुवात सारखीच: ट्रॉयच्या रणात मेले ते भाग्यवान, मीही तिथंच मेलो असतो तर बरं. पुढं ओडिसियस म्हणतो, मग माझे रीतसर अंत्यविधी झाले असते आणि ग्रीकांनी माझी कीर्ती गायली असती. इनियस कीर्तीचं नावही काढत नाही. तो म्हणतो, ते भाग्यवान आपल्या वडिलांच्या डोळ्यांदेखत गेले.

पुन्हा एकदा वाचा. एकाच लाटेवर, एकाच भीतीत, एकाला आठवतं ते आपलं नाव आणि दुसऱ्याला आठवतात वडील.

इनियसचे वडील म्हणजे अँकायसिस. त्यांची आठवण पुढच्या चित्राकडं नेते, आणि सगळ्यांत जास्त वेळ आपण या चित्रापाशी काढायचा आहे.

ट्रॉय जळतंय. म्हाताऱ्या अँकायसिसला चालवत नाही. आधी तो निघायलाच तयार नसतो, मला इथंच मरू द्या म्हणतो. शेवटी मुलगा त्याला खांद्यावर घेतो. घरचे देव वडिलांच्या हातात देतो, कारण याचे हात रक्तानं माखलेले आहेत आणि वाहत्या पाण्यात धुतल्याशिवाय देवांना शिवायचं नाही. उजव्या हाताला छोटा अस्केनियस बिलगला आहे, बापाच्या ढांगेबरोबर त्याला पळावं लागतंय. बायको क्रेउसा मागून येते आहे.

मराठी वाचकाला इथं श्रावणबाळ आठवणारच, आणि आठवू द्यावा. पण श्रावण आई-वडिलांना त्यांच्या इच्छेसाठी, तीर्थयात्रेला नेत होता. इनियस वडिलांना नेतो आहे ते अजून न वसलेल्या एका शहरासाठी. नीट बघा: खांद्यावर मागची पिढी, हाताशी पुढची पिढी, मध्ये देव. आणि स्वतः? स्वतःला काय हवं, हे विचारायला या चित्रात जागाच ठेवलेली नाही. त्याहून टोचतं ते पुढं. ठरलेल्या जागी पोचल्यावर तो वळून पाहतो, तर क्रेउसा नाही. गर्दीत कुठंतरी सुटली. त्यानं वाटेत एकदाही मागं पाहिलं नव्हतं, हे तो स्वतःच सांगतो. तो वेड्यासारखा जळत्या शहरात परत धावतो, आणि भेटते ती तिची सावली. जे खांद्यावर आणि हातात होतं ते वाचलं. मागून येणारी राहिली. व्हर्जिल त्यावर एका शब्दाचीही टीका करत नाही.

रोमन लोकांना हे चित्र फार प्रिय होतं. इ.स.पू. 47-46 च्या सुमारास जूलियस सीझरनं चांदीचा डिनेरियस पाडला. त्याच्या एका बाजूला व्हीनस आहे. दुसऱ्या बाजूला वडिलांना खांद्यावर घेऊन निघालेला इनियस, हातात अथीनाची लहानशी मूर्ती, शेजारी सीझरचं नाव. व्हीनस ही इनियसची आई आणि सीझरचं घराणं स्वतःला इनियसचे वंशज म्हणवायचं. नाण्यावर ना मुलगा आहे ना क्रेउसा. कवीला जे मागं राहिलं ते दिसतं. सत्तेला वंशावळ पुरते.

गंमत अशी, की हे चित्र मुळात ग्रीकांचं. वडिलांना उचलून नेणारा इनियस व्हर्जिलच्या पाचशे वर्षं आधी ग्रीक कुंभारांनी काळ्या आकृत्यांच्या भांड्यांवर रंगवला होता. त्यांच्या दृष्टीनं तो ट्रॉयच्या शंभर गोष्टींतला एक प्रसंग. रोमनांनी तो उचलला आणि आपला आरंभ म्हणून मांडला. कुणी काय उचललं आणि कुठं मांडलं, यावरून त्या लोकांची ओळख अधिक पटते, असं मला वाटतं. नवीन गोष्टी रचण्यात रोमन तसे मागेच होते.

त्यांच्या मूळच्या देवांना फारशा गोष्टीच नाहीत. कामं मात्र नेमून दिलेली. दाराला तीन देव: फळीला फोर्क्युलस, बिजागरीला कार्डिया, उंबऱ्याला लिमेंटिनस. संत ऑगस्टीननं पाचव्या शतकात याची टर उडवली: माणसांमध्ये एक दरवान पुरतो, तिथं यांना तीन देव लागतात. पिकावर तांबेरा पडू नये म्हणून रोबिगस, त्याचा दिवस 25 एप्रिल. बांधाच्या दगडात टर्मिनस; 23 फेब्रुवारीला दोन शेजारी दोन बाजूंनी येऊन त्या दगडाला माळा घालायचे. कॅपिटोलिन टेकडीवर ज्युपिटरचं मोठं देऊळ बांधायचं ठरलं, तेव्हा बाकीच्या देवांनी जागा सोडल्या, टर्मिनस हलला नाही. शेवटी तो दगड ज्युपिटरच्या देवळात आत राहिला आणि त्याच्या डोक्यावरचं छप्पर उघडं ठेवलं, कारण बांधाच्या देवाला वर आकाश लागतं. देवांच्या राजानं बांधाच्या दगडासमोर माघार घेतली, आणि रोमनांना त्यात राजाचा अपमान दिसला नाही. आपलं राज्य टिकणार याचा तो शकुन, असं ते म्हणाले. ग्रीकाच्या हाती हीच गोष्ट लागती तर ज्युपिटर आणि टर्मिनस यांचं कडाक्याचं भांडण झालं असतं, आणि आपल्याला एक झकास नाटक मिळालं असतं.

एरीस आणि मार्सचं थोडक्यात उरकतो. ‘इलियड’मधला एरीस भाल्याचा घाव लागल्यावर दहा हजार माणसांच्या आवाजात किंचाळतो, रडत बापाकडं जातो, आणि झ्यूस त्याला तोंडावर सांगतो की सगळ्या देवांत मला तुझाच जास्त तिटकारा आहे. मार्स मात्र रोम वसवणाऱ्या रोम्युलसचा पिता आहे. रोमन लेखक केटोनं शेतीवरच्या पुस्तकात मार्सची एक प्रार्थना देऊन ठेवली आहे: रोगराई दूर ठेव, पीक येऊ दे, गुरं आणि गुराखी सुखरूप राहू देत. त्यात पुढची तरतूदही आहे. या बळीत काही उणं राहिलं असेल, तर हा आणखी एक डुक्कर घे. एवढ्या हिशेबी प्रार्थनेला आपण हसावं की तिच्यातली काळजी ओळखावी, हे ज्याचं त्यानं ठरवावं. शेतकऱ्याला बहुधा ओळखता येईल.

मग रोमनांच्या कथा गेल्या कुठं? त्या इतिहासात जाऊन बसल्या. ग्रीक जे देवांबद्दल सांगत, ते रोमन आपल्या पूर्वजांबद्दल सांगू लागले. इथं पुन्हा सावकाश व्हायचं आहे, कारण पुढची जोडी जड आहे. दोन बाप, दोघांच्या हातून पोटच्या पोराचा मृत्यू.

ऑलिस बंदरात ट्रॉयकडं निघालेली ग्रीकांची गलबतं अडकली आहेत, वारा साथ देत नाही. देवी आर्टेमिस सेनापतीच्या मुलीचा बळी मागते. अ‍ॅगमेम्नॉन इफिजेनियाला वेदीवर चढवतो. गलबतं निघतात. दहा वर्षांनी तो विजयी होऊन घरी येतो आणि बायको त्याला मारते. मग मुलगा आईला मारतो. सूडाच्या देवता त्याच्या मागं लागतात. एस्किलसनं हे सगळं इ.स.पू. 458 मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर तीन नाटकांत मांडलं. शेवटी अथीना न्यायसभा बसवते, मतं समसमान पडतात, तिच्या मतावर आरोपी सुटतो, आणि चवताळलेल्या सूडदेवतांना समजूत घालून अथेन्समध्येच मानाची जागा द्यावी लागते. एका बापानं घेतलेला निर्णय ग्रीक कथा सोडत नाही. उकरते, उलटसुलट बोलते, खटला भरते, आणि निकालानंतरही मनाची रुखरुख शिल्लक ठेवते.

दुसरा बाप ब्रूटस. सीझरला मारणारा तो हा नव्हे. त्याच्या साडेचारशे वर्षं आधीचा, राजाला हाकलून रोममध्ये प्रजासत्ताक आणणारा. परंपरेनं ते साल इ.स.पू. 509. पहिल्याच वर्षी राजाला परत आणायचा कट उघडकीला येतो. कटात ब्रूटसचे दोन मुलगे आहेत, टायटस आणि टायबेरियस. कॉन्सल या नात्यानं शिक्षा अमलात आणायची ती बापानंच. मुलांना खांबाला बांधतात, फटके मारतात, कुऱ्हाडीनं मुंडकी उडवतात. रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो की शिक्षा चालू असताना सारा वेळ लोकांची नजर बापाच्या चेहऱ्यावर होती.

तुम्हीही त्या गर्दीत उभे राहा. त्या चेहऱ्यावर काय शोधाल? तो ढळतो का, हे? की ढळत नाही, हे? आणि तो ढळला तर तुम्हाला बरं वाटेल की वाईट? लिव्ही सांगतो की कर्तव्य चालू असताना त्या चेहऱ्यावर बाप दिसत होता. एवढं सांगून तो पुढच्या घटनेकडं वळतो. खटला नाही, सूडदेवता नाहीत. ब्रूटसच्या बायकोचं मत लिव्ही नोंदवत नाही. रोमला हा माणूस आदर्श म्हणून हवा होता.

पण व्हर्जिलचं मन तिथं भरलं नाही. पाताळात अँकायसिसचा आत्मा इनियसला रोमचे पुढं जन्मणारे थोर पुरुष दाखवतो. रांग मोठ्या अभिमानानं पुढं सरकत असते. ब्रूटस आला की म्हातारा त्याला थोर म्हणता म्हणता दुर्दैवी म्हणतो. पुढचे लोक या कृत्याचं काहीही म्हणोत, असंही म्हणतो, आणि देशप्रेमाच्या शेजारी कीर्तीची हाव ठेवतो. रोमन रांगेत उभा राहून विचारलेला हा ग्रीक प्रश्न आहे. ग्रीकांनी माणूस दाखवला आणि रोमनांनी कर्तव्य, असं सरळ वाटून टाकता येत नाही ते यामुळं. ग्रीकांच्या काव्यात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर होताच, हरणार हे माहीत असूनही वेशीबाहेर उभा राहणारा. रोमनांकडं डायडो आहे, इनियसवर प्रेम करणारी कार्थेजची राणी. तिला सोडून निघताना इनियस सांगतो की इटलीला मी माझ्या इच्छेनं चाललेलो नाही. पुढं पाताळात ती भेटते. तो रडतो, समजावतो. ती एक शब्द न बोलता पाठ फिरवून निघून जाते. तिला सोडायची आज्ञा देवांची होती, हे वाचकाला पटलेलं असतं. तिची पाठ बघून ते पटलेलं पुन्हा डळमळतं.

काव्याच्या आठव्या सर्गात इनियसला नवी ढाल मिळते. होमरनं ‘इलियड’मध्ये ग्रीक वीर अकिलीसला दिलेल्या ढालीवर अख्खं जग होतं: लग्नाची वरात, नांगरट, द्राक्षांची तोडणी, नाच, आणि त्यातल्या एकाही माणसाला नाव नव्हतं. इनियसच्या ढालीवर रोमचा पुढचा इतिहास आहे, नावांनिशी, अगदी इ.स.पू. 31 च्या अ‍ॅक्टियमपर्यंत. त्याला त्यातलं काही कळत नाही. चित्रं बघून तो हरखतो आणि आपल्या नातवंडा-पतवंडांची कीर्ती आणि नशीब खांद्यावर उचलतो. पहिल्यांदा त्या खांद्यावर वडील होते. आता न जन्मलेले लोक आहेत.

रोमच्या या साऱ्या शिस्तीनं अखेर काय साधलं, हे पाहायचं तर शेवटच्या, बाराव्या सर्गाच्या शेवटी जायला हवं. शत्रू टर्नस जखमी होऊन पडला आहे, हात पसरून दया मागतो आहे, म्हाताऱ्या बापाची आठवण देतो आहे. इनियसचा हात थांबतो. मग टर्नसच्या खांद्यावर त्याला पट्टा दिसतो, आपल्या तरुण मित्राचा, पॅलसचा, मेलेल्या अंगावरून ओरबाडलेला. इनियस संतापानं पेटतो आणि तलवार खुपसतो. टर्नसचा जीव कण्हत पाताळात जातो आणि महाकाव्य तिथंच संपतं. आयुष्यभर ज्यानं स्वतःला बाजूला ठेवलं, तो शेवटच्या क्षणी पोसायडनसारखा रागावतो. विजयोत्सव नाही, लग्न नाही, शहराचा पाया नाही. व्हर्जिल इ.स.पू. 19 मध्ये वारला. हे काव्य जाळून टाका, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. सम्राट ऑगस्टसनं ते जाळू दिलं नाही.

हा शेवट पुष्कळांना सोसला नाही. 1428 मध्ये माफेओ वेजिओ नावाच्या इटालियन कवीनं तेरावा सर्ग लिहिला. त्यात टर्नसचे अंत्यसंस्कार होतात, इनियसचं इटलीतल्या राजकन्येशी, लॅव्हिनियाशी, लग्न लागतं आणि सरतेशेवटी तो देवपदाला पोचतो. पुढं कितीतरी वर्षं तो सर्ग व्हर्जिलच्या काव्यालाच जोडून छापला जायचा. तुम्ही ‘इनिड’ वाचायला घ्याल आणि हाती अशी प्रत आली, तर बारावा सर्ग संपताच पुस्तक मिटून ठेवा. तेरावा वाचायचाच असेल, तर निदान त्या दिवशी वाचू नका.